ना कॉथबीची, ना स्केलथॉर्पची

लिंकनशायरच्या चुनखडीच्या टेकड्यांमध्ये कॉथबी आणि स्केलथॉर्प अशी दोन गावं आहेत. एका गावातल्या चर्चची घंटा दुसऱ्या गावात ऐकू येते, इतकी जवळ. मधून एक ओढा वाहतो. अर्ध्या वाटेवर त्याचे दोन फाटे होतात, दीडेकशे पावलं वेगवेगळे वाहतात आणि पुन्हा एक होतात. त्या दोन फाट्यांच्या मधे जेमतेम एकरभर जमीन आहे. तिच्यावर नांगर चालत नाही, मेंढरं चरत नाहीत. गवत कमरेएवढं वाढतं आणि जागच्या जागी वाळून जातं. मधोमध एक झरा आहे. या जमिनीला लोक 'नायदर' म्हणतात. म्हणजे 'ना हे, ना ते'.

कॉथबीच्या चर्चची किल्ली ऑड्री क्लेग नावाच्या बाईंकडे असते. वय ऐंशीच्या पुढचं, पण चाल खुटखुटीत. कुणी पाहुणे चर्च बघायला आले, की बाई त्यांना आधी ओढ्यावर घेऊन जातात, फळीवरून त्या जमिनीवर नेतात आणि विचारतात, "सांगा बघू, आत्ता तुम्ही कुठल्या गावात उभे आहात?" पाहुणे एकदा या चर्चच्या मनोऱ्याकडे बघतात, एकदा त्या. कुणी कॉथबी म्हणतं, कुणी स्केलथॉर्प. "कुठल्याच नाही," बाई म्हणतात. "बसा, सांगते."

अडीचशे वर्षांपूर्वीची गोष्ट, असं सांगतात. त्या काळी या मुलखात गाव म्हणजे पॅरिश, एका चर्चच्या आधाराने नांदणारी वस्ती. माणसाचा जन्म, लग्न, मरण चर्चच्या वहीत लिहिलं जायचं, आणि कुणी निराधार झालं तर त्याला पोसायचं कामही पॅरिशचंच होतं. मात्र पोसायचं ते फक्त आपल्या माणसाला. त्यामुळे आपला कोण आणि परका कोण, यावरून गावागावांत असे तंटे होत की सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नसत. प्रत्येक पॅरिशने या कामाला एक कारभारी नेमलेला असे. जो कारभारी जास्तीत जास्त गरिबांना शिवेपलीकडे लोटील, तो गावाचा लाडका.

स्केलथॉर्पचा कारभारी होता जोसाया थ्वेट. चुनखडीची खाण त्याचीच. मऊ बोलणारा, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा माणूस. त्याच्या खाणीत एमॉस रेव्हल कामाला होता. एमॉस जन्माने कॉथबीचा. कायदा असा होता, की एका मालकाकडे पुरं वर्षभर चाकरी केली की माणूस त्या गावचा होतो. थ्वेट एमॉसला दर वर्षी एक्कावन्न आठवडे कामावर ठेवायचा आणि एक आठवडा घरी बसवायचा. एमॉसला वाटायचं, मालक सुट्टी देतो, भला माणूस आहे. तसं तो आपल्या बायकोला, डॉर्कसला, सांगायचाही. डॉर्कस एका गोठ्यात दूध काढायची. त्या एका आठवड्यात दोघं टेकडीवर फिरायला जायची, आणि तिला थ्वेटबद्दल मनापासून आदर वाटायचा.

जानेवारीच्या मध्याला कडाक्याची थंडी पडली, मग एकाएकी ऊन पडलं आणि सैल झालेली दरड एमॉसवर कोसळली. डॉर्कसला तेव्हा नववा महिना लागला होता.

एमॉसला पुरून तीन दिवस झाले आणि थ्वेट दारात गाडी घेऊन आला. येताना त्याने एक घोंगडीही आणली होती.

"पोरी, सामान बांध," तो म्हणाला. "तुझा नवरा कॉथबीचा. तुझं बाळंतपण कॉथबीने करायचं. इथे तुझं कोण आहे?"

"मालक, इथेच तर सगळं आहे," डॉर्कस म्हणाली. "गोठा आहे, घर आहे. मी उभी राहू शकले की लगेच कामाला येईन."

"घर माझं आहे," थ्वेट हळू आवाजात म्हणाला, आणि घोंगडी तिच्या खांद्यावर घातली.

बाप मेलेला, त्याचा जन्म एका गावात, चाकरी दुसऱ्या गावात, त्यामुळे त्याचं गाव वादात. अशा मुलाचा जन्म जिथे होईल, तिथल्या पॅरिशच्या गळ्यात ते मूल आणि त्याची आई कायमची पडणार, हे थ्वेटला ठाऊक होतं. डॉर्कसला ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं, आपल्याला कुठेतरी पोचवायला नेत आहेत.

कॉथबीचा कारभारी एब्राहम कुक हा लोहार. गाडी शिवेवर आल्याचं कळताच तो हातातलं काम टाकून धावत आला. "ज्याचा घाम तुम्ही काढलात, त्याची बायको तुम्हीच सांभाळा," असं थ्वेटच्या गडीमाणसांना सुनावून त्याने बैल मागे फिरवले. दुपारी थ्वेटने गाडी पुन्हा पाठवली. कुकने पुन्हा परतवली. रात्री तिला एका मेंढवाड्यात ठेवलं, कारण मेंढवाडा नेमका शिवेवर होता आणि दोन्ही गावांना तेवढंच मान्य झालं. दोन्ही बाजूंनी तिला भाकरतुकडा दिला गेला. उपाशी ठेवली असं कुणी म्हणायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी, दोन फेब्रुवारीला, भल्या सकाळी थ्वेटच्या माणसांनी तिला तिसऱ्यांदा गाडीत घातलं. ओढ्यापाशी येता येता तिला कळा सुरू झाल्या. कॉथबीच्या काठावर कुक कुत्री घेऊन उभा होता. गाडीवान घाबरला. त्याने तिला दोन फाट्यांच्या मधल्या जमिनीवर उतरवलं आणि गाडी मागे पळवली. थ्वेटच्या माणसांनी लगोलग काठावर मेंढ्यांच्या कुंपणाचे, फोकांनी विणलेले ताटवे आडवे लावले. ती परत येऊ नये म्हणून.

या जमिनीवरून दोन्ही गावांत पिढ्यान्पिढ्या मारामाऱ्या होत. गवत आमचं, गवत आमचं. त्या सकाळी मात्र थ्वेट ओरडून म्हणाला, "आमची हद्द आमच्या फाट्यापर्यंतच!" आणि कुक म्हणाला, "आमचीही आमच्या फाट्यापर्यंतच!" दोघांनीही हे आपापल्या गावच्या लोकांसमोर म्हटलं, आणि लोकांनी मानाही डोलावल्या.

डॉर्कस गवतावर गुडघे टेकून होती. तिला दोन्ही काठांवरचे चेहरे दिसत होते. एकाही चेहऱ्याचं नाव तिला आठवावं लागत नव्हतं. जिच्या गाईचं दूध ती काढायची ती बाई होती. एमॉसबरोबर खाणीत उतरणारे दोघे होते. कॉथबीची सुईण जोन पील होती. जोनने बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि पाण्यात एक पाय टाकला.

"जोन," कुक म्हणाला, "तुझा हात त्या पोराला लागला, तर ते कॉथबीच्या सुईणीच्या हातचं होईल. मग ते तूच पोस. तुझी पाच आहेत, त्यात सहावं."

जोन थांबली. एक पाय पाण्यात, एक काठावर. तिने ना तो पाय पुढे टाकला, ना मागे घेतला. तिथूनच ती ओरडून सांगू लागली, "डॉर्कस, पाठ टेकू नकोस! जोर आता नको, आता नको! हं, आता!" असं तिने तासभर सांगितलं. पाणी बर्फासारखं होतं. पुढे जन्मभर जोन त्या पायाने लंगडत चालायची, म्हणे.

नऊच्या सुमाराला मूल रडलं. मुलगी होती. दोन्ही काठांवरचा गलका थांबला. डॉर्कसने नाळ दातांनी तोडली, मुलीला घोंगडीत गुंडाळलं आणि वर पाहून म्हणाली, "आता झालं ना? आता तर कुणीतरी या."

कुणी आलं नाही.

दुपारी पोर निळं पडू लागलं, तेव्हा तिने पाद्रीसाहेबांना हाक मारली. स्केलथॉर्पचे पाद्री तिथेच होते. निदान बाप्तिस्मा तरी द्या, ती म्हणाली. पाण्याची दोन बोटं कपाळाला लावायची, एवढंच काम. पाद्रीसाहेबांनी थ्वेटकडे पाहिलं. बाप्तिस्मा दिला तर वहीत नाव लिहावं लागेल, आणि वहीत नाव लिहिलं की ती मुलगी स्केलथॉर्पची झाली. पाद्रीसाहेब म्हणाले, "मी तिच्यासाठी इथूनच प्रार्थना करतो." त्यांनी ती केली, सगळ्यांना ऐकू येईल अशी. फेब्रुवारीतला दिवस आखूड. पाचच्या सुमाराला सूर्य टेकडीआड गेला आणि त्याच वेळी मुलगीही गेली.

बाप्तिस्मा नसलेल्या मुलाला चर्चच्या आवारात जागा नव्हती. लोक आपापल्या घरी गेले. डॉर्कसने ताटव्याची एक खुंटी मोडून घेतली आणि तिने जमीन उकरली. मुलीचं नाव तिने काय ठेवलं होतं, हे तिने कधीही कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात थ्वेट आणि कुक दोघेही मॅजिस्ट्रेटपुढे हजर झाले. दोघांनी बायबलवर हात ठेवून शपथ घेतली, की ती जमीन आपल्या पॅरिशची नव्हे, कधीच नव्हती. मॅजिस्ट्रेट वैतागून गेले होते. त्यांनी लिहिलं, ठीक आहे, कुणाचीच नव्हे. आणि शिक्का मारला. परतीच्या वाटेवर दोघे कारभारी एका खाणावळीत एकत्र जेवले, असं सांगतात. जे भांडण त्यांच्या आजोबांना सोडवता आलं नव्हतं ते सुटलं होतं.

मग त्यांच्या ध्यानात आलं, की डॉर्कस तिथून हललीच नव्हती. तिने पडलेले ताटवे उभे करून, वर गवत शाकारून खोपट घातलं होतं. तिला हाकलायचं तर हाकलणारा कारभारी हवा, आणि त्या जमिनीला कारभारीच नव्हता. कुठल्याही गावाचा शिपाई तिथे पाऊल टाकू शकत नव्हता. काट्याकुंपणांना अडकलेली लोकर ती वेचायची, सूत कातायची, लांबच्या बाजारात जाऊन विकायची. जाता-येता दोन्ही गावांतून जायची, पण कुणाशी बोलायची नाही. तिच्याशीही कुणी बोलायचं नाही. असं एकोणीस वर्षं चाललं.

मुलीला पुरलं होतं तिथली माती पहिल्याच उन्हाळ्यात ओली झाली. दुसऱ्या उन्हाळ्यात तिथून पाणी वाहू लागलं. आपल्या लेकीच्या जागेतून पाणी यावं, हे डॉर्कसला आधी सहन झालं नाही. ती ते मातीने बुजवायची आणि सकाळी ते पुन्हा वाहत असायचं. शेवटी तिने भोवताली दगड लावले आणि तेच पाणी प्यायला लागली. गावकरी मात्र त्याला शिवत नसत.

एकोणिसाव्या वर्षी पाऊस पडला नाही. मे गेला, जून गेला. दोन्ही गावांच्या विहिरी तळाला गेल्या, ओढ्याचे दोन्ही फाटे कोरडे पडले. कोकरं मेली, मग गाई. जुलैत तान्ही मुलं आजारी पडू लागली. नायदरमधला झरा मात्र होता तसाच वाहत होता.

एका सकाळी दोन्ही गावांतले वीसेक पुरुष बादल्या घेऊन घुसले. डॉर्कस आडवी आली नाही. त्यांनी स्वच्छ पाणी भरलं. पण कोरड्या फाट्यापलीकडे पाऊल पडताच बादल्यांतलं पाणी पांढरं झालं, म्हणे. कालवलेल्या चुन्यासारखं पांढरं आणि दाट. कुत्र्यानेही त्याला तोंड लावलं नाही. त्यांनी तीनदा भरलं, तीनदा तेच झालं.

तेव्हा सगळं गाव तिच्या दारात आलं. दोन्ही गावं.

"काय हवं ते सांग, बाई," लोक म्हणाले.

डॉर्कसने याची उत्तरं एकोणीस वर्षं मनात घोळवली होती. ती म्हणाली, "त्या दिवशी जोसाया थ्वेट जिथे उभा होता, तिथे त्याने उभं राहायचं. एब्राहम कुकने त्याच्या जागी. सकाळी नऊपासून सूर्य मावळेपर्यंत. सावली नाही, पाण्याचा घोट नाही, कुणी हात लावायचा नाही. माझी मुलगी जेवढी जगली, तेवढा वेळ. मग पाणी तुमचं."

थ्वेट बहात्तर वर्षांचा होता. तो नाही म्हणाला. मॅजिस्ट्रेटकडे जाईन म्हणाला. त्याला त्याच्या गावच्या लोकांनी घरातून उचलून आणलं. खाणीतल्या मजुरांनी नव्हे, पहिल्या बाकावर त्याच्या शेजारी बसणाऱ्यांनी.

नऊ वाजता दोघांना दोन काठांवर समोरासमोर उभं केलं. दोन्ही गावं भोवती उभी. डॉर्कस झऱ्यापाशी बसली होती. सुरुवातीला तिला बरं वाटलं. तिने ते लपवलं नाही. थ्वेटच्या कपाळावरून घाम ओघळताना ती एकटक बघत होती. बारा वाजले. कुक शिव्या देऊ लागला, मग रडू लागला, मग गप्प झाला. दोन वाजता थ्वेट गुडघ्यांवर आला. त्याची मुलगी रूथ गर्दीतून धावली, तर बायकांनीच तिला धरलं. "हात लावायचा नाही म्हणालीय ती," त्या म्हणाल्या. "आमची पोरं मरतायत."

पाच वाजले. डॉर्कसने वर पाहिलं. सूर्य अजून टेकडीच्या बराच वर होता. तिच्या मनातला दिवस फेब्रुवारीतला होता. हा जुलैचा होता. अजून तीन तासांवर उजेड बाकी होता.

ती उठून उभी राहिली. "पुरे," ती म्हणाली. "झाला तेवढा वेळ. सोडा त्यांना."

कुणी हललं नाही.

"मी सांगतेय ना, सोडा!"

"तू सूर्य मावळेपर्यंत म्हणालीस," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "सगळ्यांनी ऐकलंय. मधेच सोडलं आणि पाणी पुन्हा पांढरं झालं तर?"

"नाही होणार."

"तुला काय माहीत?"

खरंच, तिला माहीत नव्हतं. ती झऱ्याकडे वळली, ओंजळ भरली आणि थ्वेटकडे चालत निघाली. कोरडा फाटा ओलांडला आणि ओंजळीतलं पाणी पांढरं झालं. तिने ते फेकलं, परत जाऊन दुसरी ओंजळ आणली. तीही पांढरी झाली. थ्वेटने तोंड पुढे केलं होतं. ओठ फुटलेले, जीभ सुजून बाहेर आलेली. त्याने त्या पांढऱ्या पाण्यातही तोंड घातलं आणि ठसका लागून ते सगळं छातीवर ओकला.

"पोरी," तो म्हणाला.

ती सात वेळा गेली, असं सांगतात. सातव्या वेळी आली तेव्हा थ्वेट आडवा झाला होता, तो पुन्हा उठला नाही.

सूर्य आठनंतर मावळला. त्या क्षणी लोक धावले. घडे, बादल्या, पातेली, जे हाती लागेल ते घेऊन. पाणी फाट्यापलीकडेही स्वच्छ राहिलं. लोक थ्वेटला ओलांडून जात-येत होते, कुणाची तरी बादली त्याच्या डोक्याला लागली. कुकला त्याच्या मुलांनी घरी नेलं. तो पुढे अकरा वर्षं जगला, पण बोलला नाही.

डॉर्कस ओल्या हातांनी तिथेच उभी होती. जोन पील लंगडत तिच्याजवळ आली. डॉर्कस तिला म्हणाली, "जोन, मला वाटलं, दिवस तेवढाच असतो."

त्यानंतर ती फार जगली नाही. नोव्हेंबरात गेली. तिचं प्रेत न्यायला दोन्ही पॅरिशच्या गाड्या आल्या, कारण ज्या गावाने तिला आपल्या आवारात पुरलं, ती त्या गावची ठरणार होती, आणि मग झराही. पुन्हा दोन काठांवर दोन गावं उभी राहून भांडू लागली. ते चालू असताना जोन फावडं घेऊन मधे गेली. तिच्या मागोमाग दुसरी एक बाई गेली. ती थ्वेटची मुलगी रूथ होती. दोघींनी मिळून खड्डा खणला आणि डॉर्कसला झऱ्याशेजारी पुरलं. रूथ का आली, हे तिने कधी सांगितलं नाही.

ऑड्रीबाई इथे उठतात. मग पाहुण्यांना काठावरचे दोन सपाट दगड दाखवतात.

आजही जुलैतल्या एका दिवशी दोन्ही गावांत चिठ्ठ्या टाकतात आणि एकेक माणूस निवडतात. पूर्वी ठरलेली तारीख होती. आता लोकांच्या नोकऱ्या असतात म्हणून दुसरा शनिवार धरतात. ते दोघं सकाळी नऊला या दगडांवर समोरासमोर उभी राहतात, सूर्य मावळेपर्यंत. हल्ली एक डॉक्टर छत्रीखाली बसलेला असतो, एवढाच फरक. पाच वाजता एक बाई झऱ्यातून ओंजळ भरते, फाट्यापर्यंत जाते आणि ते पाणी तिथेच जमिनीवर सोडून देते. असं सात वेळा.

"ते ओंजळीचं काम मी बावीस वर्षं केलं," ऑड्रीबाई म्हणतात. "एका वर्षी दगडावर माझाच नवरा होता. त्याला सगळं ठाऊक होतं. लहानपणापासून बघत आला होता, पाणी मिळणार नाही हे माहीत होतं. तरी मी जवळ गेले, की दर वेळी त्याचं तोंड आपोआप पुढे यायचं."

"मग तुम्ही काय केलंत?" पाहुणे विचारतात.

"सोडून दिलं पाणी," बाई म्हणतात. "सगळं गाव बघत होतं."